दहा अँपिअरमधली थंडी

डिसेंबरात कॅरॅव्हॅन घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जाणार, असं मी गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात बोलले, तेव्हा फराळाच्या रांगेतल्या तिघीजणींनी एका सुरात विचारलं, "वडलांना घेऊन?" एकीने तर हातातली चकली परत ताटलीत ठेवली. दुसरीने आपल्या सासूबाईंना इथल्या थंडीत न्यूमोनिया कसा झाला होता ते सविस्तर सांगितलं. मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येताना गाडीत नवऱ्याला म्हटलं, "आपण चुकत तर नाही ना?" तो म्हणाला, "बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत." संसारात बरेचसे निर्णय असेच पक्के होतात.

आई मार्चमध्ये गेली. सप्टेंबरच्या शेवटी अण्णांना आम्ही सहा महिन्यांच्या व्हिजावर कोव्हेंट्रीला आणलं. वय शहात्तर, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी प्राणायाम. घरात सेंट्रल हीटिंग, टीव्हीवर मराठी मालिका, कोपऱ्यावर बसस्टॉप. अण्णा खिडकीपाशी बसून राहायचे. काही विचारलं की "बरं आहे" म्हणायचे. दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं, तीही बहुतेक "मीठ दे" छापाची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांनी आता कराडच्या घरात एकटं राहायचं नाही. वयस्कर आईवडिलांना इथे कायमचं आणण्याचे नियम २०१२ पासून किती आवळले गेलेत हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत आहे. तरी वकिलाला भेटू, काहीतरी मार्ग काढू, असं माझं चाललं होतं. अण्णांना मात्र मी अजून विचारलंच नव्हतं.

कॅरॅव्हॅनचं वेड नवऱ्याचं. १९९७ नंतर इथे लायसन्स काढलेल्यांना मोठी कॅरॅव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती अट १६ डिसेंबर २०२१ ला गेली आणि दोन महिन्यांत आमच्या दारात २००८ सालची, चार माणसं झोपतील अशी, जुनी पांढरी कॅरॅव्हॅन उभी राहिली. उन्हाळ्यात आम्ही तिच्यातून कॉर्नवॉल केलं, वेल्स केलं. हिवाळ्यात ती ताडपत्रीखाली झोपायची. पण अण्णांना घराच्या चार भिंतींतून बाहेर काढायचं होतं, हॉटेलच्या खोल्यांचे नाताळातले भाव बघवत नव्हते, आणि वर्षभर उघडी असणारी एक साइट केझिकजवळ मिळाली.

कोव्हेंट्रीहून केझिक दोनशे मैलांच्या आसपास. कॅरॅव्हॅन मागे असली की मोटरवेवर साठच्या वर जाता येत नाही आणि तीन लेनच्या रस्त्यावर उजवीकडच्या लेनमध्ये जायची बंदी, त्यामुळे एम सिक्सवर आम्ही लॉऱ्यांच्या वरातीत चाललो होतो. टीबेला थांबून सूप घेतलं. पुढे शॅपच्या चढावर दोन्ही बाजूंना बर्फाचे पट्टे दिसू लागले. चिरंजीवांनी कानातलं काढून "आजोबा, स्नो!" म्हटलं. अण्णा म्हणाले, "हं." पेनरिथला मोटरवे सोडून ए सिक्स्टीसिक्सला लागलो तेव्हा तीन वाजले होते, आणि साइटवर पोचेपर्यंत अंधार. त्या अक्षांशावर डिसेंबरअखेर साडेआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. थंडीपेक्षा हे जास्त लक्षात ठेवा. पाय टेकवणं, पाणी भरणं, वीज जोडणं ही सगळी कामं हातमोजे घालून टॉर्चच्या उजेडात करावी लागतात आणि त्यातच चुका होतात.

नवरा नारिंगी केबल ओढत विजेच्या खांबाकडे निघाला. पंचवीस मीटरची केबल, खांब सहा मीटरवर. उरलेली गुंडाळी त्याने तशीच कॅरॅव्हॅनखाली सरकवली. गाडीत बसलेले अण्णा दार उघडून खाली उतरले.

"ती गुंडाळी पूर्ण उलगडा."

आम्ही दोघेही बघत राहिलो.

"गुंडाळलेल्या केबलमधनं लोड गेला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. इन्शुलेशन वितळतं. उलगडा आणि नागमोडी टाका. लाइन किती अँपिअरची?"

"सोळा असणार," नवरा म्हणाला. खांबावरची पाटी त्याने वाचली नव्हती. अण्णांचा चष्मा गाडीत होता.

अण्णा महाराष्ट्र राज्य वीज मंडळात होते हे सांगायचं राहिलं. डिप्लोमा करून लागले, पाटण, कराड, इस्लामपूर करत कनिष्ठ अभियंता म्हणून २००६ साली निवृत्त झाले. म्हणजे नोकरीची शेवटची वर्षं लोडशेडिंगची. शेतकऱ्यांचे मोर्चे आणि मध्यरात्रीचे फोन आमच्या घराने भरपूर पाहिले आहेत.

आता थोडं उबेबद्दल, कारण हे वाचून कुणी जायचं ठरवलं तर उपयोग व्हावा. कॅरॅव्हॅनच्या भिंती म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम. युरोपीय मानकानुसार तिला ग्रेड असतो. तिसऱ्या ग्रेडची असेल तर बाहेर उणे पंधरा असताना आत वीस अंश राखता आलं पाहिजे आणि पाणी वाहतं राहिलं पाहिजे. आमची कागदोपत्री तिसऱ्या ग्रेडची. पण कागदावर सोळा वर्षांची धूळ नसते. दाराची रबरं कडक झालेली, खिडकीला कुठे कुठे फट.

अण्णांनी आत आल्याआल्या जमिनीतली जाळी शोधून काढली. तिथून वाऱ्याची बारीक शीळ येत होती. पाच मिनिटांनी बघते तर जाळीत त्यांची माकडटोपी कोंबलेली. नवऱ्याने ती हळूच काढली. ही जाळी बुजवायची नसते. प्रोपेन असो की ब्यूटेन, हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो गॅस जमिनीलगत साचतो आणि त्याच जाळीतून बाहेर पडतो. वरच्या झरोक्यांचंही तसंच, शेगडीच्या ज्योतीला हवा हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि गारठलेली माणसं फटी बुजवून शेगडीवर खोली गरम करायला जातात तेव्हाच तो जीव घेतो. आमच्याकडे अलार्म होता, निघण्यापूर्वी बटण दाबून वाजवून पाहिलेला. तुम्हीही पाहा.

दुसरा शत्रू म्हणजे दमटपणा. चार माणसं रात्रभर श्वास घेतात, त्यातून लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं. शेगडीवर एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर येतं. हे सगळं रात्री गार खिडकीवर आणि गादीखालच्या फळीवर जमतं, आणि ओलसर गादीइतकी गार वस्तू जगात नाही. म्हणून कितीही जिवावर आलं तरी स्वयंपाक करताना वरचा झरोका उघडा ठेवायचा आणि ओले कोट बाथरूममध्ये टांगायचे. पाण्याचं पिंप बाहेर ठेवलं तर सकाळी चाळीस लिटरचा बर्फ मिळतो, म्हणून रात्री ते आत घेऊन शॉवरमध्ये उभं करायचं आणि पंपाची नळी रिकामी करायची.

त्या संध्याकाळी मी खिचडी टाकली. माझा तीन लिटरचा कुकर सगळीकडे येतो. पलीकडच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा पहिल्या शिट्टीला पडदा सारून बघायला लागले, दुसरीला बाहेर आले. तिसरी शिट्टी मात्र होईचना. ज्योत निळी, पण करंगळीएवढी. पाऊण तास खिचडी रटरटत राहिली. मला वाटलं सिलिंडर संपत आला. हा पहिला इशारा होता आणि मी तो तुपाबरोबर गिळून टाकला.

दुसरी चूक पूर्ण माझी. अण्णांचा बिछाना पुढच्या बाजूला, तीन खिडक्यांच्या मध्ये. त्यांनी कराडहून येताना तेवीस किलोच्या सामानातले चार किलो घालवून आईने शिवलेली गोधडी आणली होती. मी म्हटलं, "अण्णा, साडेतेरा टॉगची ड्युव्हे आहे, ही कशाला?" त्यांनी उत्तर न देता गोधडी खाली गादीवर पसरली आणि ड्युव्हे वर घेतली. मला ते हट्टीपणाचं वाटलं. सगळे झोपल्यावर मी घरून लपवून आणलेला छोटा तेलाचा रेडिएटर त्यांच्या पायाशी ठेवला आणि चालू केला. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता.

रात्री दोन वाजता मला जाग आली ती शांततेने. हीटरच्या पंख्याची घरघर थांबली होती. आतलं तापमान अकरा. नवऱ्याने हीटर गॅसवर टाकला. टक टक टक, ठिणगी पडत होती, पेट घेईना. बाहेर उणे पाच. तोपर्यंत अण्णा उठून बसले होते, माकडटोपी जागेवर.

"दिवा लागतोय म्हणजे तो बॅटरीवर आहे. मेन गेली. आत काय काय चालू होतं?"

मी रेडिएटरची कबुली दिली. नवरा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. अण्णांनी चष्मा लावला, चिरंजीवांच्या वहीचा कागद घेतला. हीटर २०००, रेडिएटर ७००, पाण्याचा बॉयलर ८५०, फ्रिज १२०. एकूण ३६७० वॅट. भागिले २३०.

"सोळा अँपिअर. आणि खांब?"

नवरा टॉर्च घेऊन पाटी वाचून आला. दहा.

"मग संध्याकाळीच का नाही उडाला?" चिरंजीव ड्युव्हेमधून.

आणि अण्णा बोलायला लागले. ब्रेकरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. थोडा जास्त लोड असेल तर ती हळूहळू तापते, वाकते, मग तोडते. शॉर्टसर्किटला क्षणात तुटतं, जादा लोडला वेळ लागतो. संध्याकाळी थर्मोस्टॅट हीटरला मधूनमधून बंद करत होता, पट्टीला गार व्हायला वेळ मिळत होता. मध्यरात्री गारठा वाढला, हीटर बंदच होईना, त्यात बॉयलरने उचल खाल्ली. "पट्टी बिचारी किती सोसणार?" सप्टेंबरपासून मी त्यांच्या तोंडून एका वेळी एवढं ऐकलं नव्हतं.

"आणि गॅस?"

"सिलिंडर कुठल्या रंगाचा?"

निळा. इथे निळा म्हणजे ब्यूटेन, लाल म्हणजे प्रोपेन. उन्हाळ्यात आम्हाला काहीच फरक पडला नव्हता. ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. बाहेरच्या कप्प्यात उणे पाच असेल तर तो सिलिंडरमध्ये द्रव होऊन बसून राहतो, वाफच होत नाही. वापरायला लागलं की आणखी गार होतो, म्हणून संध्याकाळी ज्योत बसत गेली. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत उकळतो. सिलिंडर अर्धा भरलेला होता आणि उपयोग शून्य. चिरंजीवांनी विचारलं, गरम पाणी ओतू का? अण्णा आणि नवरा एकदम "नाही" म्हणाले.

खांबाच्या पेटीला कुलूप होतं, किल्ली वॉर्डनकडे. नवरा फोन करायला निघाला. अण्णांनी हात धरला. "दोन वाजता उठवलेल्या लाइनमनचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कुणी मरत नाहीये. सकाळी."

मग आम्ही चौघं पुढच्या बैठकीत एकमेकांना चिकटून बसलो. गोधडी खाली, दोन ड्युव्हे वर. आणि तेव्हा कळलं. मागच्या पलंगावर मी वरून कितीही पांघरलं तरी पाठीतून गारवा चढत होता, इथे चढत नव्हता. अंगाच्या वजनाने गादीतली हवा दाबली जाते आणि थंडी खालून येते. आईच्या जुन्या लुगड्यांचे सहा-सात थर आणि त्यांतले टाके ते अडवत होते. अण्णांनी झोपण्यापूर्वी फ्लास्क भरून ठेवला होता, सुंठ घातलेलं पाणी. प्रवासात ते नेहमी भरतात आणि आम्ही नेहमी हसतो. तापमान नऊवर आलं, पहाटे सहावर.

"कोयनेच्या भूकंपाला असंच बसलो होतो," अण्णा म्हणाले.

११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या सुमाराला. अण्णा एकोणीस वर्षांचे, पाटणजवळच्या गावात. घराची मागची भिंत गेली. धक्के थांबेनात, त्यामुळे घरात जायची कुणाची छाती नाही. सगळं गाव खळ्यात गवताच्या पेंढ्यांवर, वर गोधड्या, लहान मुलं मध्ये. किती रात्री काढल्या ते त्यांना आठवत नव्हतं, पण गवत खाली जाड आणि पांघरूण वर हलकं ठेवायचं हे त्यांच्या आजीने सांगितलेलं आठवत होतं. मंडळाची माणसं अंधारात तारा जोडत होती. ती बघून त्यांनी डिप्लोमाला जायचं ठरवलं. मी त्यांची मुलगी, अठ्ठेचाळीस वर्षांची, हे पहिल्यांदा ऐकत होते.

थोड्या वेळाने, चिरंजीव झोपल्यावर, ते त्याच आवाजात म्हणाले, "फेब्रुवारीचं तिकीट काढ माझं."

"अण्णा, व्हिजा मार्चअखेरपर्यंत आहे. आणि मी वकिलाशी..."

"माहीत आहे. तू फोनवर बोलतेस ते ऐकू येतं मला. अगं, तुझ्या घरात मला कशाचीच कमी नाही. तेच तर. कशाची कमी नसली की करायचं काय माणसानं? तिकडं टाकीचा व्हॉल्व्ह बघायचा असतो, शेजारचा मीटर बघायचा असतो. तुझ्या आईची वर्षाची तिथी आहे. मला तिकडं जाऊ दे."

मी बरंच काही बोलले. पडलात तर, रात्री काही झालं तर, वगैरे. ते ऐकत राहिले, फ्लास्कचं झाकण पुढे करत राहिले. उजाडेपर्यंत आम्ही दोघंच जागे होतो. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी आली होती.

साडेआठला वॉर्डनबाई किल्ली घेऊन आल्या. "रात्रीच का नाही उठवलंत?" म्हणून आम्हाला रागावल्या. नवऱ्याने गावातून लाल सिलिंडर आणला. त्याची जोडनळी वेगळी असते आणि आटे उलटे, हे अण्णांनी बोट फिरवून दाखवेपर्यंत नवरा उलट्या दिशेने जोर लावत होता. २००४ च्या मॉडेलपासून पुढच्या कॅरॅव्हॅनमध्ये रेग्युलेटर दोन्ही गॅसना चालतो, नळी तेवढी बदलायची.

दुपारपर्यंत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद लागला होता. वर मथळा: "लोडशेडिंग". पहाटे ६ ते ७ बॉयलर, तेव्हा हीटर गॅसवर. किटलीच्या वेळी बॉयलर बंद. घरची तीन किलोवॅटची किटली जप्त, फक्त प्रवासातली एक किलोवॅटची. रात्री वीजेवर हीटर १०००, कमी पडलं तर गॅस. रेडिएटर: "परवानगीशिवाय नाही." खाली सही, तारीख. चिरंजीवांनी मोर्चा काढायची धमकी दिली. अण्णा म्हणाले, मोर्चे बघितलेत.

उरलेले तीन दिवस आम्ही उबेत होतो, अगदी मोज्यांशिवाय. डरवेंटवॉटरच्या काठाने फ्रायर्स क्रॅगपर्यंत चाललो. बॅसन्थवेट सोडला तर इथल्या एकाही मोठ्या तळ्याच्या नावात 'लेक' हा शब्द नाही, बाकी सगळी 'वॉटर' नाहीतर 'मियर', हे चिरंजीवांनी आम्हाला तीनदा सांगितलं. पेन्सिल म्युझियममध्ये अण्णा दीड तास रमले. बॉरोडेलच्या डोंगरात सापडलेल्या ग्रॅफाइटवरून हा धंदा उभा राहिला, आणि ग्रॅफाइट म्हणजे मोटरच्या कार्बन ब्रशचा सख्खा भाऊ, असा त्यांचा रस. त्याच खोऱ्यात सीथवेट, वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस. अण्णांनी मान हलवली, "आमच्या कोयनेला येऊन बघा म्हणावं." शेवटच्या सकाळी उजाडताना कासलरिगच्या दगडी वर्तुळात गेलो. चाळीसेक शिळा, पाच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या, चारी बाजूंना पांढरे डोंगर, मेंढ्यांच्या पाठीवर दहिवर. दुसरं कुणी नव्हतं. अण्णा एका शिळेच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि फ्लास्क उघडला. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "तिकिटाचं बघितलंस?"

मी फोन काढून दाखवला. फेब्रुवारीची अठरा तारीख.

अण्णा आता कराडला आहेत. दिवसाआड व्हिडिओ कॉल होतो. पडण्याची, रात्री काही होण्याची माझी भीती जिथल्या तिथे आहे. पलीकडच्या गल्लीतला मुलगा रात्री झोपायला येतो, एवढी तडजोड त्यांनी मान्य केली. यंदाही आम्ही डिसेंबरअखेरची केझिकची साइट घेतली आहे. परवा त्यांनी विचारलं, "खांब दहाचाच आहे का सोळाचा?" मी म्हटलं, या वेळी सोळा. "मग कागद बदलायला लागेल," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या वेळापत्रकाचा फोटो आला. कॅरॅव्हॅनच्या कपाटावर अजून जुनाच आहे. गोधडी मात्र त्यांनी परत नेली.